बास्करव्हिल : देखणा फॉन्ट, पण छापून आल्यावर फिकट का दिसतो?

निळीशाई

पुस्तकांची मांडणी हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे "ताई, एखादा क्लासी इंग्रजी फॉन्ट सुचवा ना" हे ओळखीपाळखीतून कायम कानावर येतं. मी बहुतेक वेळा बास्करव्हिल सांगते, आणि मग थोड्या दिवसांनी "स्क्रीनवर काय सुंदर होतं हो, छापून आलं तर अगदीच अशक्त" अशी तक्रार हजर. तेव्हा एकदाच काय ते इथे लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवेन.

नाव ऐकलं नसेल तरी पाहिलेला असणार. आयफोन-मॅकमध्ये तो आधीपासून भरलेला असतो, किंडलच्या फॉन्टच्या यादीत आहे, आणि कॅनडा सरकारच्या कागदांवर शेवटच्या अक्षरावर छोटासा झेंडा असलेला 'कॅनडा' शब्द असतो ना, तोसुद्धा यातूनच थोडा फेरफार करून केलेला.

अक्षर कसं आहे म्हणाल तर उभं, मोकळं, श्वास घेणारं. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असतात ती बारीक टोकं, ती इथे धारदार आहेत. जाड रेघ आणि बारीक रेघ यातला फरक याच्या आधीच्या कॅस्लन या फॉन्टपेक्षा जास्त, आणि नंतर आलेल्या बोदोनी या फॉन्टपेक्षा कमी, म्हणून पुस्तकांत याला मधल्या टप्प्यातलं अक्षर म्हणतात. स्मॉल ओ नीट बघा, कॅस्लनमध्ये ओ थोडा तिरका झुकलेला वाटतो कारण जाडी तिरक्या अक्षावर आहे, बास्करव्हिलचा ओ जवळजवळ सरळ उभा. ओळखायचा असेल तर तीन जागा बघायच्या: स्मॉल जी चा खालचा फासा पूर्ण मिटत नाही, उघडाच राहतो, कॅपिटल क्यू ची शेपटी ऐटीत बाहेर जाते, आणि कॅपिटल ई चा खालचा हात वरच्यापेक्षा लांब असतो. जी वरून तर मी लांबूनही ओळखते.

आता याचं कूळ. जॉन बास्करव्हिल हा बर्मिंगहॅमचा माणूस, आधी मुलांना सुलेखन शिकवायचा आणि थडग्यांचे दगड कोरून द्यायचा. त्याची पाटीच्या दगडावर कोरलेली जाहिरात अजून आहे बर्मिंगहॅमच्या लायब्ररीत, "कुठल्याही वळणात थडगी कोरून मिळतील" अशा अर्थाची, आणि दगड एकच असून त्यावर अक्षरांची वळणं वेगवेगळी! मग त्याने पैसा केला तो लाखेसारखं चकचकीत रोगण दिलेले ट्रे आणि डब्या विकून. १७५० च्या आसपास, पन्नाशीकडे झुकलेला असताना, हा गृहस्थ छपाईत पडला आणि पहिलं पुस्तक बाहेर काढलं थेट १७५७ मध्ये, रोमन कवी व्हर्जिलच्या कविता. मधली वर्षं काय केलं? तर सगळंच. अक्षरं स्वतः काढली, ती पोलादात कोरायला जॉन हँडी नावाचा कारागीर ठेवला, यंत्राची दाब देणारी पाटी पितळेची करून घेतली, शाई स्वतः शिजवली आणि कागद सुद्धा नवा वापरला. तेव्हाच्या कागदात जाळीच्या रेघा उमटलेल्या असायच्या, याने व्हर्जिलच्या काही भागाला व्हॉटमनच्या गिरणीतला नवा गुळगुळीत कागद वापरला आणि छापून झाल्यावर पानं तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढली. इस्त्रीच म्हणा ना.

माझं सगळं म्हणणं यातच आहे. बास्करव्हिल हे नुसतं अक्षर नव्हतंच कधी. अक्षर, कागद, शाई, दाब या चौघांची ती एकत्र जमवलेली मैफल होती. त्यातलं अक्षर तेवढं उचलून आपण पिवळट मॅपलिथो कागदावर नऊ पॉइंटात छापतो आणि म्हणतो फिकट आलं.

---

टवाळबाळ्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मला प्रामाणिकपणे सगळे पायवाले इंग्रजी फॉन्ट टाइम्स न्यू रोमनच दिसतात. त्यात एवढं काय ठेवलंय ते कुणीतरी समजवा.

---

खिळेकाका

बाळ्या, तुझी चूक नाही. बेंजामिन फ्रँकलिनच्या काळातही असंच होतं, त्याचा किस्सा ऐक. १७६० साली फ्रँकलिनने बास्करव्हिलला पत्र लिहून हा प्रकार कळवलाय. एक सद्गृहस्थ त्याच्याकडे तक्रार करायला लागले की या बास्करव्हिलच्या बारीक रेघांनी अख्ख्या देशाचे डोळे जाणार बघा. फ्रँकलिन स्वतः मुळात छपाईवाला, त्याने आत जाऊन कॅस्लनच्या नमुन्याचा कागद घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हा घ्या बास्करव्हिल, दाखवा काय चूक आहे, म्हणून पुढे केला. गृहस्थ अक्षर न् अक्षर घेऊन दोष दाखवायला लागले, डोळे दुखतायत म्हणाले. आणि ज्या कॅस्लनमध्ये ते सगळं आयुष्य आरामात वाचत आले तोच तो कॅस्लन!

निळीशाई, लेख झकास. मी खिळेजुळणीत उभी हयात काढली, ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, पण काम केलंय, त्यामुळे एक गोष्ट जोडतो. शिशाचा खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा ठसा, कागदात थोडा रुततो. शाई दाबाने कडेला सरकते, त्यामुळे कागदावर उमटलेली रेघ खिळ्यावरच्या रेघेपेक्षा जाड येते, नेहमीच. हे कोरणाऱ्याला माहीत असायचं, तो बारीक रेघ मुद्दाम आणखी बारीक ठेवायचा. पुढे याच अक्षरांची चित्रं घेऊन कॉम्प्युटरचे फॉन्ट झाले आणि ऑफसेटला तर खिळा पण नाही, रुतणं पण नाही, शाईचा पातळ थर नुसता कागदावर टेकतो. मग जी जाडी छपाईतून मिळायची ती मिळणार कुठून? म्हणून फिकट. फॉन्टला शिव्या देऊन उपयोग नाही.

---

निळीशाई

काका दंडवत. हेच मला नीट शब्दांत सांगता येत नव्हतं.

---

शंकासुर

किस्सा गमतीचा आहे पण त्यावरून तक्रार खोटी होती असं सिद्ध होत नाही ना? त्या माणसाला फॉन्ट ओळखता आला नाही एवढंच सिद्ध होतं. जाड-बारीक फरक जास्त असला की लहान आकारात वाचायला त्रास होतो हे खरंच आहे की. आणि दुसरं, व्हॉट्सॅपवर फिरतं की बास्करव्हिलमध्ये लिहिलं की लोकांचा जास्त विश्वास बसतो. हे काय गौडबंगाल?

---

निळीशाई

पहिल्या मुद्द्याला +१.

दुसरं गौडबंगाल नाही, पण फुगवलेलं आहे. २०१२ मध्ये एरॉल मॉरिस या माहितीपटवाल्याने न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर एक चाचणी लावली. वाचकांना वाटलं आपण आशावादी की निराशावादी ते बघतायत, प्रत्यक्षात तोच मजकूर वेगवेगळ्या लोकांना सहा वेगवेगळ्या फॉन्टांत दिसत होता, बास्करव्हिल, जॉर्जिया, हेल्व्हेटिका, ट्रेब्युशे, कॉम्प्युटर मॉडर्न आणि कॉमिक सान्स. सुमारे ४५,००० लोकांनी उत्तरं दिली आणि बास्करव्हिलवाल्यांनी मजकुराशी सहमती थोडी जास्त दाखवली. थोडी म्हणजे दीडेक टक्का. एवढ्या लोकांत दीड टक्का म्हणजे काहीच नाही असं नाही, पण रेझ्युमे बास्करव्हिलमध्ये टाकला म्हणून नोकरी लागेल असलं काही त्यातून निघत नाही. कॉमिक सान्सची मात्र अपेक्षेप्रमाणे वाट लागली.

---

टवाळबाळ्या

आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची नोटीस कॉमिक सान्समध्ये असते. आता कळलं कोणी पैसे का भरत नाही.

---

ब्रमवासी

धागा बघून लॉगिन केलं! मी बर्मिंगहॅममध्येच असतो, ऑफिसला जाताना रोज त्या सेंटेनरी स्क्वेअरवरून जातो. तिथे बास्करव्हिल हाउस म्हणून भलीमोठी इमारत आहे, साहेबांचं घर आणि छापखाना होता ती जागा. समोर एक शिल्प आहे डेव्हिड पॅटन यांचं, १९९० चं, पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाचे उभे ठोकळे आणि त्यांच्यावर ब्राँझची अक्षरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काही वाचताच येईना, मग लक्षात आलं की अक्षरं उलटी आहेत, खिळ्यावर असतात तशी. ओळीत वाचली की व्हर्जिल होतं. शनिवारी पोरं त्यावर चढून बसलेली असतात, कोणाला पत्ता नसतो काय आहे ते.

त्याच्या मरणोत्तर प्रवासाची कथा तर भन्नाट. माणूस कट्टर धर्मविरोधक, चर्चच्या जमिनीत पुरू नका, माझ्याच आवारात पुरा असं मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं. १७७५ मध्ये गेला, तसंच केलं. पुढे १७९१ च्या दंगलीत घर जळलं, जागा दुसऱ्यांकडे गेली आणि १८२० च्या सुमारास खोदकामात शवपेटी सापडली. मग काही काळ ती एका प्लंबरच्या दुकानात होती आणि लोक बघायला यायचे म्हणे!! शेवटी गुपचूप एका चर्चच्या तळघरात ठेवली, ते चर्च पाडलं तेव्हा वॉर्स्टोन लेनच्या दफनभूमीत. म्हणजे ज्याला पवित्र जमीन नको होती त्याची शेवटची सोय तिथेच.

---

खिळेकाका

आणि याच धर्मविरोधकाने १७६३ मध्ये केंब्रिज विद्यापीठासाठी बायबल छापलं, जे आजही इंग्रजी छपाईतल्या सर्वांत देखण्या पुस्तकांत धरतात. धंदा म्हणून मात्र साफ पडलं, प्रती उरल्या आणि स्वस्तात काढाव्या लागल्या. छापखान्यात पैसा मिळत नाही हे तेव्हापासूनचं आहे बाबांनो.

---

मेघना_इंदूर

वाखुसा (वाचनखूण साठवली). त्या 'मिसेस ईव्ह्ज' फॉन्टचा याच्याशी काही संबंध आहे ना? कुठल्यातरी पुस्तकाच्या कव्हरवर पाहिलेला, इतकी नाजूक जोडाक्षरं होती इंग्रजीत!

---

निळीशाई

संबंध आहे म्हणजे काय, घरचाच आहे. सेरा ईव्ह्ज ही बास्करव्हिलकडे घर सांभाळायला आलेली बाई, नवरा बनावट कागदपत्रांच्या भानगडीत परागंदा, पदरात मुलं. ही दोघं बरीच वर्षं एकत्र राहिली, आणि नवरा वारल्यावर महिन्याभरात १७६४ मध्ये लग्न केलं. बास्करव्हिल गेल्यावर खिळे आणि ठसे तिच्याच ताब्यात होते. इंग्लंडात गिऱ्हाईक मिळेना, शेवटी १७७९ मध्ये ते फ्रेंच नाटककार बोमार्शेने विकत घेतले, व्हॉल्टेअरचं समग्र साहित्य छापायला. फ्रान्समध्ये त्यावर बंदीचं लचांड म्हणून छापखाना टाकला ऱ्हाइन नदीपलीकडे जर्मन हद्दीत, केल गावी, सत्तर खंड काढले. मग ते पोलादी ठसे फ्रान्समध्ये या फाउंड्रीतून (खिळे ओतायच्या कारखान्यातून) त्या फाउंड्रीत फिरत राहिले आणि १९५३ मध्ये शार्ल पेन्यो यांनी केंब्रिजला भेट म्हणून परत दिले. पावणेदोनशे वर्षांनी माहेरी आले म्हणायचं.

तर १९९६ मध्ये झुझाना लिच्को यांनी जो फॉन्ट केला त्याला त्यांनी या बाईंचं नाव दिलं. आणि काका, तुमचा मुद्दा त्यात बरोब्बर आहे बघा: त्यांनी जाड-बारीक फरक कमी केला, शाई पसरलेल्या जुन्या छपाईसारखा दिसावा म्हणून. शिवाय स्मॉल अक्षरांची उंची कमी ठेवली आणि अक्षरं एकमेकांपासून सैल ठेवली. जोडाक्षरं म्हणतेस ती लिगेचर्स, त्याचा तर ढीग आहे त्यात. कव्हरला, शीर्षकाला, कवितेला अप्रतिम. पण अख्खी कादंबरी त्यात लावायची झाली तर मी तरी नाही लावणार, अक्षरं मधे मधे सुटल्यासारखी वाटतात आणि जागाही खातो.

---

प्राजक्ता_डी

मी गपचूप वाचत होते पण आता विचारतेच. भावाचं लग्न आहे, पत्रिका दोन्ही भाषांत, एका बाजूला मराठी एका बाजूला इंग्रजी. प्रेसवाल्यांनी इंग्रजी बाजू बास्करव्हिल ओल्ड फेसमध्ये लावून दिली, त्यांच्या विंडोजवर तोच होता. वर सोनेरी फॉइल करायचंय. आईला आवडलीय, पण नमुना आला त्यात पत्ता वाचताच येत नाहीये, ए आणि ई चे आडवे दांडे गायब, फोन नंबरमधला ८ भरून गेलाय. ते म्हणतात फॉन्टच असा आहे.

---

निळीशाई

अगं नावावर जाऊ नकोस. बास्करव्हिल ओल्ड फेस हा मुळात बास्करव्हिलचा नाहीच. १७६० च्या दशकात ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या फाउंड्रीत आयझॅक मूर नावाच्या माणसाने बास्करव्हिलची बघून बघून जी अक्षरं केली, त्यावरून तो आलाय. नक्कल म्हणून वाईट नाही, उलट मोठ्या आकारात भलताच सुरेख दिसतो कारण बारीक रेघा केसासारख्या आहेत. पण तो शीर्षकाचा फॉन्ट आहे. नावं त्यात राहू देत, तीस पॉइंटात छान दिसतील. पत्ता, वेळ, फोन नंबर त्यातून काढून टाक, आजच्या आज.

बारीक मजकुराला लिब्रे बास्करव्हिल लाव, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. पाब्लो इम्पायारी यांचा, १९४१ च्या एका अमेरिकन बास्करव्हिलवरून केलेला, मुख्यतः स्क्रीनवर वाचण्यासाठी. त्यात स्मॉल अक्षरं उंच आहेत, पोटं मोकळी, बारीक रेघा बऱ्यापैकी दणकट, त्यामुळे फॉइलमध्येही तग धरतो. दिसायला मोठा दिसतो म्हणून दहाऐवजी आठ पॉइंट केलास तरी चालेल. (तिथेच यादीत मधे दोन व्ही असलेला एक बास्करव्हिल पण सापडेल, तो टायपो नाही, स्ट्रासबुर्गच्या याकोब फाउंड्रीने १७८४ मध्ये केलेल्या बास्करव्हिलवरून फ्रान्समधल्या नान्सीच्या लोकांनी केलाय. पत्त्याला तो नको, नाजूक आहे.)

---

खिळेकाका

प्राजक्ता, फॉइलचं काम म्हणजे तापलेला ब्लॉक. उष्णतेने सोनेरी थर कागदाला चिकटतो आणि कडेला जरासा सांडतोच, म्हणून ८ चं, ई चं पोट बुजतं. उलट ब्लॉक कमी तापला की बारीक दांडा उचललाच जात नाही. एकाच कार्डावर दोन्ही प्रकार झालेत तुझ्या. प्रेसवाल्यांना सांग, फॉइल फक्त नावांना, बाकी मजकूर साध्या गडद तपकिरी शाईत छापा. खर्च पण उतरेल. आणि कॅपिटल अक्षरांत नाव लावणार असाल तर अक्षरांमध्ये थोडी फट द्या. बास्करव्हिलची कॅपिटल्स रुंद, ऐसपैस, ती खेटून बसवली की चाळीतल्या खोल्या वाटतात. त्याच्या स्वतःच्या पुस्तकांची पहिली पानं बघा, चित्र नाही, वेलबुट्टी नाही, नुसती मोकळी सोडलेली कॅपिटल्स आणि भरपूर कोरी जागा.

---

शंकासुर

मग मराठी बाजूचं काय? देवनागरीला सेरिफ नाही, शिरोरेषा आहे. जोडी जमते कशी?

---

निळीशाई

हा खरा कटकटीचा भाग. देवनागरीत जाडी येते ती बोरूच्या कापामुळे, आणि तो काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला, म्हणजे जाड-बारीक रेघा वेगळ्याच ठिकाणी पडतात. जाडी कुठे येते ते जुळवायच्या फंदात पडायचंच नाही, पानाचा एकूण काळेपणा जुळवायचा. मी सरळ प्रिंट काढते, भिंतीला लावते, डोळे किलकिले करून लांबून बघते. दोन्ही उतारे सारखेच करडे दिसले की झालं. मुक्तासारखा सगळीकडे एकाच जाडीचा फॉन्ट, स्वतः उत्तम असला तरी, बास्करव्हिलशेजारी रस्त्यावरच्या पाटीसारखा दिसतो. तिरो देवनागरी मराठी वापरून बघा. त्यात जाड-बारीक आहे, पुस्तकी वळण आहे, शिवाय आपले मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते बघूनच जीव सुखावतो. त्याची स्वतःची रोमन अक्षरंही सोबत येतात, पण शीर्षकाला मी बास्करव्हिलच घेते.

आकार मात्र डोळ्याने ठरवायचा, दोन्हीला बारा पॉइंट टाकून मोकळं व्हायचं नाही. मराठी ओळीत मधेच इंग्रजी शब्द आला तर त्याची स्मॉल अक्षरं क, म यांच्या उंचीपेक्षा थोडी बुटकी राहिली की बरं दिसतं. आणि ओळींमधली जागा मराठीच्या हिशोबाने ठेवायची, कारण वर रफार-मात्रा, खाली उकार. त्याने बास्करव्हिलला ऐसपैस जागा आपोआप मिळते, ती त्याला हवीच असते.

---

मेघना_इंदूर

म्हणजे कुठे वापरू नये याची यादी पण देऊन टाक ना.

---

निळीशाई

यादी कसली, एवढंच बघायचं की बारीक रेघ जगणार आहे का. वर्तमानपत्री कागद, काळ्यावर पांढरी अक्षरं, औषधाच्या पट्टीवरचा मजकूर, फॉर्म, नकाशातली गावांची नावं, इथे नको. काळ्यावर पांढरं तर विशेष धोक्याचं, चारही बाजूंनी शाई आत येते आणि सेरिफ गिळून टाकते. मागे एका दिवाळी अंकात जाहिरातीत मी हे झालेलं बघितलंय, भिंगाखाली स्मॉल ई अक्षरशः सी झाला होता. कवितासंग्रह, ललित, चरित्र, मानपत्र, कार्यक्रमपत्रिका, आमंत्रण, इथे बिनधास्त. पुस्तकाला अकरावर पंधरा (अकरा पॉइंटाचं अक्षर, पंधरा पॉइंटाची ओळ), नॅचरल शेडचा बरा कागद, रुंद समास, आणि जमलं तर आधी त्याच कागदावर एक पान छापून घ्यायचं.

---

ब्रमवासी

इटॅलिकबद्दल कोणी बोललंच नाही! त्यातलं अँडचं चिन्ह बघितलंय का? नुसतं त्यासाठी लोक हा फॉन्ट घेतात.

---

प्राजक्ता_डी

अय्या हो, आत्ता उघडून बघितलं, कसलं भारी आहे ते! दोघांच्या नावांच्या मधे मोठ्ठं तेच टाकते, सोनेरी. बाबा आता म्हणतायत मराठी बाजूला पण 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' च्या मधे तेच चिन्ह टाका, मॅचिंग होईल. त्यांना काय सांगू?

---

खिळेकाका

बाबांना सांग, तिथे 'आणि' कसं दिमाखात बसतं ते काकांनी खास बघायला सांगितलंय. तिरोतच लाव, नावांपेक्षा एक माप लहान, आणि वर-खाली ओळीची जागा सोड. नमुना आला की इथे टाक, फोन नंबर झाकून.